जुनी युद्धनौका घेताना आपण नक्की काय विकत घेतो?



आष्ट्यात बसून युद्धनौकांच्या खरेदी-विक्रीवर बोलायचं म्हटल्यावर काही जणांना हसू आलं असेल. आपल्याकडचं पाणी म्हणजे कृष्णा आणि वारणा. समुद्र सह्याद्रीच्या पलीकडे. पण ऑगस्ट २०१९ च्या महापुरात नौदलाची बचाव पथकं आपल्या बोटी घेऊन सांगली-कोल्हापुरात आली होती, हे आपण विसरलेलो नाही. आणि जुनी वस्तू पारखून घ्यायचा व्यवहार तर आपल्याला कोणी शिकवायला नको.

जुना ट्रॅक्टर बघायला आपण जातो तेव्हा काय करतो? किंमत शेवटी विचारतो. आधी विचारतो, का विकताय? इंजिनाचं काम झालंय का? कागदपत्रं कोणाच्या नावावर आहेत? स्पेअर मिळतात का, आणि हे मॉडेल उघडणारा मिस्त्री जवळपास आहे का? हे सगळं पटलं की मग भाव. आज आपण हेच प्रश्न हजारो टनांच्या नौकांना विचारणार आहोत.

त्यासाठी एक खेळ डोळ्यांसमोर आणा. इतिहासाला एका वळणावर फाटा फोडायचा आणि तिथून पुढे आपणच इतिहास चालवायचा, असे खेळ जगभर खेळले जातात. त्यात नौदलाचे खेळही आहेत. प्रत्येक खेळाडूकडे एक देश. दर डावाला ठरावीक पैसा. नवी नौका बांधायला घेतली तर ती चार-पाच डावांनी हातात येणार. आणि शेजारचा खेळाडू म्हणतो, माझ्याकडे एक जुनी पडून आहे, चौथाई किमतीत घेऊन जा. मोह होतोच. अशा वेळी खेळात नौकेपुढे किमतीचा एकच आकडा असतो, आणि खरी गंमत तिथेच हुकते. आपण असा खेळ रचायचा ठरवलं, भारताच्या वाट्याला बसलो आणि १९४७ पासून सुरुवात केली, तर नियम कोणते ठेवावे लागतील? ते आपल्याच नौदलाच्या जमाखर्चातून काढू.

पहिला नियम: विकणारा का विकतोय ते बघा

१९४५ साली दुसरं महायुद्ध संपलं तेव्हा ब्रिटनकडे नौका भरपूर होत्या आणि पैसा संपलेला होता. कित्येक नौका अर्धवट बांधून झालेल्या. त्यातलीच एक विमानवाहू नौका म्हणजे ‘हर्क्युलिस’. १९४३ मध्ये तिचं काम सुरू झालं, सप्टेंबर १९४५ मध्ये ती पाण्यात उतरली. तोवर युद्धच संपलं. १९४६ मध्ये काम थांबलं आणि सुमारे तीन चतुर्थांश तयार झालेली ही नौका तशीच उभी राहिली.

तिच्याच घराण्यातल्या नौका पुढे कुठे कुठे गेल्या बघा. एक नेदरलँड्सने घेतली, एक फ्रान्सने. ऑस्ट्रेलिया, कॅनडा, ब्राझील, अर्जेंटिना, सगळ्यांकडे एकेक-दोन-दोन. नेदरलँड्सची नौका तर पुढे अर्जेंटिनानेच पुन्हा विकत घेतली. म्हणजे विमानवाहू नौकांचा जुना बाजारच भरला होता म्हणा ना.

आपणही त्या बाजारात होतो. १९४८ मध्ये ‘अकिलीस’ ही क्रूझर घेतली, तिचं नाव झालं ‘दिल्ली’. ही नौका डिसेंबर १९३९ मध्ये दक्षिण अमेरिकेजवळ ‘ग्राफ श्पे’ या जर्मन युद्धनौकेशी लढली होती. १९४९ मध्ये तीन विनाशिका आल्या: राजपूत, रणजित, राणा. मग ‘नायजेरिया’ ही क्रूझर घेतली, ती १९५७ मध्ये ‘म्हैसूर’ म्हणून दाखल झाली. आणि त्याच वर्षी जानेवारीत ‘हर्क्युलिस’चा सौदा झाला.

यात एक बारीक गोष्ट आहे. त्या वेळी आपल्या नौदलाचे प्रमुख ब्रिटिश अधिकारी होते. पहिले भारतीय प्रमुख, कटारी, एप्रिल १९५८ मध्ये आले. म्हणजे विकणारा ब्रिटन आणि घेणाऱ्याच्या नौदलाचा प्रमुखही ब्रिटिश. याचा अर्थ सौदा वाईट होता असा नाही. पुढे दिसेल की तो चांगलाच ठरला. पण खेळात हा नियम हवा की जुनी नौका ज्याच्याकडून घ्याल, त्याच्या सवयी, त्याचे सुटे भाग आणि त्याची माणसंही बरोबर येतात.

विकणाऱ्याची गरज बदलली की सौदाही फिरतो. १९१४ मध्ये तुर्कस्तानच्या दोन मोठ्या युद्धनौका ब्रिटनमध्ये तयार होत आल्या होत्या. त्यातली एक मुळात ब्राझीलने बांधायला दिलेली, पैशांअभावी तुर्कांना विकलेली. तुर्की जनतेने त्यासाठी वर्गणी काढली होती. पहिलं महायुद्ध दारात आलं तसं ब्रिटनने दोन्ही नौका स्वतःकडेच ठेवून घेतल्या. तुर्कस्तानात त्याचा संताप झाला, आणि लगेच जर्मनीने आपल्या दोन नौका देऊ करून ती जागा भरली. तीन महिन्यांत तुर्कस्तान जर्मनीच्या बाजूने युद्धात होता. न झालेली विक्रीसुद्धा खेळ पालटू शकते ती अशी.

दुसरं उदाहरण १९८२ चं. त्या वर्षाच्या सुरुवातीला ब्रिटनने ‘इन्व्हिन्सिबल’ ही विमानवाहू नौका ऑस्ट्रेलियाला विकायचं ठरवलं होतं. तेवढ्यात फॉकलंड बेटांचं युद्ध झालं, ही नौका तिथे लढली आणि मग विक्री रद्द झाली. त्या युद्धात ब्रिटिश ताफ्याची प्रमुख नौका होती ‘हर्मीस’. तिला मात्र नंतर गिऱ्हाईक मिळालं. ते गिऱ्हाईक आपण.

दुसरा नियम: नौकेबरोबर माणसं घडतात, पण जमाना थांबत नाही

‘हर्क्युलिस’ बेलफास्टच्या गोदीत पूर्ण झाली. चौदा-पंधरा वर्षं जुन्या सांगाड्यावर त्या काळातलं नवं तंत्र बसवलं: विमानं उतरण्यासाठी तिरकी धावपट्टी आणि उडवण्यासाठी वाफेवर चालणारं यंत्र. ४ मार्च १९६१ रोजी ती ‘विक्रांत’ झाली आणि त्याच वर्षी नोव्हेंबरमध्ये मुंबईला आली.

आता १९७१ घ्या. युद्ध तोंडावर आलेलं आणि विक्रांतच्या चारपैकी एका बॉयलरला तडे गेलेले. नौकेच्या वेगावर मर्यादा आली. विमानवाहू नौकेला वेग लागतो, कारण नौका जितकी जोरात पुढे जाईल तितका समोरून वारा मिळतो आणि विमान सहज उचललं जातं. तरी तिला बंगालच्या उपसागरात पाठवलं गेलं. ४ डिसेंबरपासून तिच्यावरच्या विमानांनी कॉक्स बाजार आणि चितगाववर हल्ले केले आणि पूर्वेकडचा समुद्रमार्ग रोखून धरला. सदोष बॉयलरवर हे जमलं, कारण दहा वर्षं त्या नौकेवर वैमानिक, तंत्रज्ञ, डेकवरची माणसं तयार होत होती.

तिला शोधायला पाकिस्तानने ‘गाझी’ पाणबुडी पाठवली होती. ती ३-४ डिसेंबरच्या रात्री विशाखापट्टणमजवळ बुडाली, आतल्या सगळ्यांसह. आता गंमत बघा. गाझी म्हणजे मूळची अमेरिकेची ‘डायब्लो’, महायुद्धाच्या काळात बांधलेली आणि पाकिस्तानला वापरायला दिलेली. म्हणजे अमेरिकेची जुनी पाणबुडी ब्रिटनच्या जुन्या विमानवाहू नौकेला शोधत होती, आणि आतली माणसं मात्र आपल्याच उपखंडातली. जुना माल विकणारे दूर घरी होते. नौका पाठवणं आणि त्या नौकेवर जाणं यातला फरक खेळात कधी दिसत नाही, म्हणून इथे थांबून सांगितलं.

त्याच युद्धात कराचीजवळ ‘खैबर’ बुडाली. तीही ब्रिटनची जुनी विनाशिका, मूळ नाव ‘कॅडिझ’. दोन हजार टनांहून मोठी. तिला बुडवलं आपल्या ‘निर्घात’ने. निर्घात म्हणजे रशियन बनावटीची, दोन-अडीचशे टनांची छोटी बोट. पण तिच्यावर क्षेपणास्त्रं होती. खैबर काही मोडकळीला आलेली नव्हती. ती ज्या लढाईसाठी बांधली होती, ती लढाईच जगातून गेली होती. ट्रॅक्टर चालू स्थितीत असतो, पण आता लागणारं अवजार त्याला ओढवत नाही, तसं. तेव्हा खेळात जुन्या नौकेपुढे दोन आकडे हवेत. एक सांगाड्याचं वय आणि दुसरा तिच्या शस्त्रांचा जमाना. पहिला आकडा दुरुस्तीने कमी होतो. दुसरा बरेचदा होत नाही.

तिसरा नियम: फुकट मिळालेली नौका सगळ्यात महाग पडू शकते

‘हर्मीस’चा करार १९८६ मध्ये झाला आणि मे १९८७ मध्ये ती ‘विराट’ म्हणून आपल्या नौदलात आली. तिचं बांधकाम सुरू झालं होतं १९४४ मध्ये. विक्रांत ३१ जानेवारी १९९७ रोजी निवृत्त झाली. मग एकट्या विराटवर सगळा भार, आणि ती स्वतः म्हातारी. देशात बांधायच्या विमानवाहू नौकेची चर्चा चालू होती, पण गोदीत अजून काही उभं नव्हतं.

अशा वेळी रशियाकडे ‘अॅडमिरल गोर्शकोव्ह’ होती. १९८७ ची नौका, १९९४ मध्ये बॉयलर विभागात स्फोट झालेला, १९९६ मध्ये सेवेतून काढलेली. जानेवारी २००४ मध्ये करार झाला. नौका फुकट. पैसे द्यायचे ते फक्त दुरुस्तीचे आणि बदलाचे, ९७.४ कोटी डॉलर. विमानांचा करार वेगळा. नौका २००८ मध्ये मिळणार.

गोदीत तिला उघडल्यावर काम वाढत गेलं. जुन्या केबल जवळजवळ सगळ्या बदलाव्या लागल्या. पोलादी पत्रे बदलावे लागले. रशियाने जादा पैसे मागितले, बोलणी दोन-तीन वर्षं चालली आणि २०१० पर्यंत आकडा २३५ कोटी डॉलरवर गेला. म्हणजे अडीच पटीच्या आसपास. दरम्यान २००९ मध्ये कॅगने आपल्या अहवालात म्हटलं की ही जुनी नौका नव्या नौकेपेक्षा ६० टक्के महाग पडणार आहे. २०१२ च्या चाचण्यांत आठपैकी सात बॉयलर बिघडले. शेवटी १६ नोव्हेंबर २०१३ रोजी ती ‘विक्रमादित्य’ झाली, ठरल्यापेक्षा पाच वर्षं उशिरा.

आता प्रश्न असा की आपण सौदा सोडून का दिला नाही? इथे आजच्या विषयाचं मूळ आहे. ऊस वाहतूक ऐन भरात आली आहे, आपला ट्रॅक्टर बंद पडलाय आणि नवा यायला वेळ आहे. तेव्हा जुन्या ट्रॅक्टरवाला सांगेल ती किंमत. त्याला माहीत असतं की आपल्याला थांबता येत नाही. कोचीच्या गोदीत स्वदेशी विमानवाहू नौकेच्या बांधणीला औपचारिक सुरुवात झाली फेब्रुवारी २००९ मध्ये. म्हणजे २००७ पासून गोर्शकोव्हच्या किमतीवर वाद चालू असताना आपल्या हातात दुसरा पर्याय नव्हता. पाच-सात वर्षं आधी ती नौका उभी राहू लागली असती, तर बोलणी वेगळ्या तोंडाने करता आली असती.

म्हणून आमचं म्हणणं असं आहे की जुनी नौका घेणारा देश लोखंड घेत नाही, तो वेळ विकत घेतो. नवी नौका तयार होईपर्यंतचा वेळ, माणसं शिकेपर्यंतचा वेळ. १९५७ मध्ये आपण घेतलेला वेळ कामी आला. १९८६ मध्येही आला. त्या वेळात पुढची नौका बांधायला घेतली नाही, म्हणून २००४ मध्ये तोच वेळ पुन्हा घ्यावा लागला आणि चढ्या भावाने.

सगळेच जुने सौदे असे फसले नाहीत, हेही सांगायला हवं. अमेरिकेची ‘ट्रेन्टन’ ही १९७१ ची नौका आपण २००७ मध्ये ‘जलाश्व’ म्हणून घेतली, सुमारे ४.८ कोटी डॉलरला. तिच्यावरही कॅगने आक्षेप घेतले होते, जुनी आहे, वापरावर विकणाऱ्याच्या अटी आहेत म्हणून. पण मे २०२० मध्ये करोनाच्या काळात मालदीवमध्ये अडकलेल्या ६९८ भारतीयांना हीच नौका कोचीला घेऊन आली. सैन्य आणि सामान वाहायची नौका, फार नाजूक यंत्रणा नाही, त्यामुळे वय तिला कमी नडलं. विमानवाहू नौकेचं तसं नसतं.

चौथा नियम: विकतानाही हिशोब लागतो

नौका निवृत्त झाली की खेळातून ती काढून टाकतात. प्रत्यक्षात खरा पेच तिथून सुरू होतो. पाण्यात उभी असलेली नौका रोज गंजते, तिला पहारा, वीज, दुरुस्ती लागते.

विक्रांत मुंबईत संग्रहालय म्हणून काही वर्षं खुली होती. आपल्यापैकी कोणी मुलांना घेऊन गेलाही असाल. २०१२ मध्ये सुरक्षिततेच्या कारणावरून ती बंद झाली. प्रकरण न्यायालयात गेलं, ती वाचवण्याचे प्रयत्न झाले, पण २०१४ मध्ये सुमारे ६० कोटी रुपयांना ती भंगारात गेली आणि मुंबईत दारूखान्याला तोडली गेली. तिचं थोडं लोखंड एका मोटरसायकलच्या टाकीत वापरलं, ती जाहिरात आठवत असेल.

विराटचं काय झालं? ती मार्च २०१७ मध्ये निवृत्त झाली. नोव्हेंबर २०१८ मध्ये महाराष्ट्राच्या मंत्रिमंडळाने तिला सिंधुदुर्गात निवतीजवळ संग्रहालय करण्याच्या ८५२ कोटींच्या प्रकल्पाला मान्यता दिली. तो प्रत्यक्षात आला नाही. नौका ३८.५४ कोटी रुपयांना विकली गेली आणि सप्टेंबर २०२० मध्ये गुजरातमधल्या अलंगच्या किनाऱ्याला लागली. २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयापर्यंत धाव घेतली गेली, पण तोवर तोडकाम बरंच पुढे गेलं होतं.

८५२ आणि ३८.५४, हे दोन आकडे शेजारी ठेवा. नौका मिळणं स्वस्त, ती सांभाळणं महाग. गोर्शकोव्हने जे शिकवलं, तेच विराटने उलट्या बाजूने शिकवलं. वारसा जपायची इच्छा खरी होती, पण दर वर्षीचा खर्च कोण उचलणार याचं उत्तर वेळेत ठरलं नाही.

भंगार म्हणून विकलेली नौका घेणाऱ्याच्या हातात भंगारच राहील, असंही नाही. विक्रांतच्याच वर्गातली, म्हणजे तिची बहीणच म्हणायची, ऑस्ट्रेलियाची ‘मेलबर्न’ १९८५ मध्ये १४ लाख ऑस्ट्रेलियन डॉलरला चीनला तोडायला विकली गेली. चिनी नौदलाने ती लगेच तोडली नाही, आधी तिचा अभ्यास केला. १९९८ मध्ये युक्रेनकडची अर्धवट ‘वर्याग’ दोन कोटी डॉलरला घेतली गेली. तिच्यावर तरंगता जुगारअड्डा काढायचा आहे, असं सांगितलं होतं. २०१२ मध्ये तीच चीनची पहिली विमानवाहू नौका ‘ल्याओनिंग’ झाली. विकणाऱ्याने लोखंडाचा भाव लावला, घेणाऱ्याने ज्ञान नेलं. आपल्या ‘हर्क्युलिस’सारखाच हाही अर्धा राहिलेला सांगाडा.

आता आपणही देणाऱ्यांच्या रांगेत आहोत. २०२० मध्ये ‘सिंधुवीर’ पाणबुडी दुरुस्त करून म्यानमारला दिली. जुलै २०२३ मध्ये ‘कृपाण’ शस्त्रांसह व्हिएतनामला भेट दिली. यात पैसा मिळवणं हा हेतू नसतो. घेणारा देश पुढची काही वर्षं सुट्या भागांसाठी आणि शिक्षणासाठी आपल्याकडे येत राहतो. १९४८ मध्ये ब्रिटनचं आपल्याशी जे नातं होतं, तसंच काहीसं. आणि ज्या निवतीजवळ विराट येणार होती, तिथल्या समुद्राखालच्या संग्रहालयासाठी नौदलाने २०२५ मध्ये ‘गुलदार’ ही निवृत्त नौका महाराष्ट्राला दिली आहे. ती लहान आहे, म्हणून कदाचित झेपेलही.

आता खेळाकडे परत येऊ. समजा १९५७ च्या डावात आपण ‘हर्क्युलिस’ नको म्हणालो. ते पैसे शाळांना, धरणांना लागले असते. तसं म्हणणारे लोक तेव्हाही चुकीचे नव्हते, देश गरीब होता. पण मग १९७१ च्या डावात बंगालच्या उपसागरात आपल्याकडे विमानवाहू नौका नसती आणि ती चालवणारी माणसंही नसती. २ सप्टेंबर २०२२ रोजी कोचीत बांधलेली नवी ‘विक्रांत’ दाखल झाली, ती चालवायचं ज्ञान कुठून आलं? १९६१ च्या त्या जुन्या सांगाड्यापासून हातोहात आलं. उलट असंही विचारता येईल की जुन्या विक्रांतपासून नव्या विक्रांतपर्यंत ६१ वर्षं का लागली? दोन्ही प्रश्न खरे आहेत आणि खेळ मांडला तर दोन्ही खेळून बघता येतील.

तेव्हा यापुढे जुन्या नौकेच्या, विमानाच्या किंवा तोफेच्या खरेदीची बातमी वाचाल, तेव्हा किमतीचा आकडा वाचून थांबू नका. विकणारा का विकतोय, सुटे भाग कोण देणार, कोणत्या अटी आहेत, शेवटी तिचं काय करायचं, हे विचारा. आणि सगळ्यात आधी विचारा, या जुन्या नौकेने मिळालेल्या वेळात नवी नौका बांधायला घेतली आहे का? पैसा आपलाच आहे, आणि नौकेवर जाणारी मुलंही आपल्याच गावांतली.

आता तुमचे प्रश्न घेऊ.